आपल्या सगळ्यांत थोडा व्हायरस आहे, बॉस!

केमिस्टच्या दुकानात कुजबुजत मागायच्या ज्या मोजक्या वस्तू असतात, त्यातली एक म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी. बोरिवली स्टेशनबाहेरचा केमिस्ट असो की मुलुंडच्या एम. जी. रोडवरचा, ती अशी कागदात गुंडाळून देतात की बघणाऱ्याला वाटावं, आत बॉम्बच आहे! मग घरी यायचं, बाथरूमचं दार लावायचं आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं. होम लोनचा हप्ता, एप्रिलमधलं अप्रेझल, वन बीएचकेमध्ये पाळणा नक्की कुठे ठेवायचा... सगळं त्या पाच मिनिटांत डोक्यात येऊन जातं. एक रेघ, की दोन?

आज बोलायचंय ते त्या दुसऱ्या रेघेबद्दल.

ती उमटते एचसीजी नावाच्या हॉर्मोनमुळे. आयव्हीएफची ट्रीटमेंट घेणाऱ्या मैत्रिणी त्याला नुसतं 'बीटा' म्हणतात. 'उद्या बीटा आहे गं' एवढंच म्हणतात, आणि त्या चार शब्दांत चार महिन्यांचं टेन्शन असतं. हे हॉर्मोन आईचं शरीर नाही बनवत. ते बनवतो गर्भ. म्हणजे गर्भाचं बाहेरचं अस्तर, ज्याची पुढे वार होते. आणि आता ऐका... ते अस्तर नीट तयार व्हायला जी जीन लागते, ती मुळात माणसाची नाहीच. ती एका व्हायरसची आहे. आपल्या पूर्वजांना, ते माणूस व्हायच्याही कितीतरी आधी, झालेल्या इन्फेक्शनमधून उरलेली.

म्हणजे तुम्ही, मी, तुमचा बॉस, समोरच्या क्युबिकलमधला तो गुणी मुलगा... सगळे नऊ महिने एका व्हायरसच्या जीनच्या आधाराने वाढलो.

दहावीनंतर बायोलॉजीला कायमचा रामराम ठोकलेल्यांनी पान उलटू नये. मी कॉमर्सवाल्यांना समजेल असंच सांगणार आहे.

घाटकोपरच्या खाऊगल्लीतलं डोशांचं मेनू कार्ड आठवा. साधा, मैसूर, चीज, जिनी, चॉकलेट... संपतच नाही. आपला डीएनए म्हणजे तसंच एक मेनू कार्ड, फक्त पदार्थ वीस हजारांच्या आसपास. हे पदार्थ म्हणजे जीन्स. (पँट नव्हे. मराठीत जनुकं.) गंमत अशी की हे अख्खं कार्ड शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीकडे असतं. डोळ्याच्या पेशीकडे तेच, लिव्हरच्या पेशीकडे तेच. मग डोळ्यात पित्त का तयार होत नाही? कारण कार्ड एकच असलं तरी ऑर्डर वेगळी! कुठल्या टेबलावर कुठल्या पदार्थाची ऑर्डर जायची, कधी जायची आणि किती प्लेट, हे ठरवणारे स्विच डीएनएमध्येच असतात. शास्त्रज्ञ याला जनुकांचं नियमन म्हणतात. नाव सरकारी परिपत्रकासारखं आहे, पण तुमच्या नाकाचं नाक आणि कानाचं कान होतं ते त्याच्याच जोरावर.

या स्विचचा फंडा पहिल्यांदा नीट उलगडला तो पॅरिसमध्ये, १९६१ साली. फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो या दोघांनी दाखवलं की आपल्या आतड्यात राहतो तो ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया दुधातली साखर समोर असेल तरच ती पचवायची जीन्स चालू करतो. नसेल तर बंद. उगाच गॅस जाळत बसायचं नाही! आणि अगदी तसाच बंद स्विच त्यांना बॅक्टेरियाच्या पोटात झोपून राहिलेल्या एका व्हायरसमध्येही दिसला. १९६५ साली त्यांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना मिळून नोबेल मिळालं. म्हणजे जीन चालू-बंद कशी होते हे समजायलासुद्धा व्हायरसचीच मदत झाली.

आता गर्भाकडे येऊ. त्यासाठी आपल्याला सेंट्रल लाइनने परळला जायला हवं, आणि ३९ वर्षांहून जास्त मागे.

६ ऑगस्ट १९८६. केईएम हॉस्पिटलमध्ये हर्षा चावडा नावाच्या मुलीचा जन्म झाला. शरीराबाहेर, काचेच्या डिशमध्ये गर्भ तयार करून जन्माला आलेली मुंबईची पहिली टेस्ट ट्यूब बेबी. डॉक्टर होत्या इंदिरा हिंदुजा, आणि त्यांच्या जोडीला केईएमच्या शेजारच्या, आयसीएमआरच्या प्रजननशास्त्राच्या संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार. कितीतरी वर्षं जनरल नॉलेजच्या पुस्तकांत 'भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून हर्षाचंच नाव छापलं जायचं.

इथे जरा थांबते, कारण पुढची गोष्ट मला या सगळ्या विज्ञानाइतकीच भारी वाटते. हर्षाच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच करून दाखवलं होतं. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली, त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी! पण त्यांच्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. सरकारी कमिटीने दावा उडवून लावला, परदेशात जाऊन काम मांडायला परवानगी नाकारली, शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा तपन सिन्हांचा सिनेमा त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला. आणि मग १९९७ साली, मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी वाचून, 'पहिले ते होते, आम्ही नव्हे' असं जाहीरपणे लिहिणारा माणूस कोण? आपल्या परळचे आनंद कुमार! ज्यांच्या नावावर तो मान जमा होता, त्यांनीच तो काढून दुसऱ्याच्या नावावर केला. अप्रेझलच्या सीझनमध्ये कुणाचंही क्रेडिट खिशात घालणाऱ्या मंडळींनी हा पॅरा दोनदा वाचावा.

असो. मुद्दा असा की डिशमध्ये गर्भ वाढू लागल्यामुळे जे कधीच कुणाला दिसत नव्हतं, ते मायक्रोस्कोपखाली दिसू लागलं. ते पहिले पाच-सहा दिवस.

पहिल्या दिवशी एक पेशी. मग दोन, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास. आजही आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्याला सेंटरमधून फोन येतो तो याच भाषेत, 'डे थ्री, आठ सेल्स, छान आहेत!' पण या पहिल्या दोन-तीन दिवसांत गर्भाने स्वतःचं किचन जवळपास चालूच केलेलं नसतं. आईने अंड्यात आधीच डबा भरून दिलेला असतो, म्हणजे तयार सूचना आणि प्रोटीन्स, त्यावरच सगळं भागतं. चार ते आठ पेशी होतात, डबा संपत येतो आणि मग गर्भ आपलं मेनू कार्ड उघडतो. आयुष्यातली पहिली स्वतःची ऑर्डर! अनेक गर्भ याच टप्प्यावर थांबतात. कुणाचं काही चुकलेलं नसतं, दिवसरात्र लॅपटॉपवर बसल्याने नाही, मूग खाल्ले नाहीत म्हणूनही नाही. बहुतेक वेळा गुणसूत्रांची वाटणीच चुकलेली असते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ट्रीटमेंट फसली की पहिला प्रश्न बाईलाच विचारला जातो, 'तू धावपळ केलीस का?'

आठ पेशींच्या या टप्प्यावर काय काय चालू होतं, याची यादी शास्त्रज्ञांनी काढली तेव्हा तिच्यात चक्क व्हायरस सापडले. २०१५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टीमने दाखवलं की माणसाच्या आठ पेशींच्या गर्भात आपल्याच डीएनएतला एक जुनापुराणा व्हायरस जागा होतो आणि काही दिवसांनी पुन्हा झोपी जातो. जागेपणी तो बाहेरच्या व्हायरसना रोखायला गर्भाला मदत करत असावा, अशी चिन्हंही त्यांना दिसली. सोसायटीत बेकायदा राहायला आलेल्यानेच पुढे वॉचमनकी करावी, तसं.

पण हे आपल्या डीएनएत आले कसे?

सगळे व्हायरस सारखे नसतात. बहुतेक जण पेशीत घुसतात, तिच्या किचनमध्ये आपले पदार्थ बनवून घेतात आणि पसार होतात. रेट्रोव्हायरस नावाचं एक खानदान मात्र वेगळं. एचआयव्ही त्यातलाच. हे लोक स्वतःच्या आरएनएची डीएनएमध्ये उलटी कॉपी करतात आणि ते पान थेट पेशीच्या मेनू कार्डात चिकटवून टाकतात. ही उलटी कॉपी करणारं यंत्र १९७० साली सापडलं आणि १९७५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. साधारणपणे असं पान चिकटलं की ती पेशी मेली की विषय संपला. पण कधीतरी, लाखो वर्षांत एखाद्या वेळी, ते पान नेमकं अंड्याच्या किंवा शुक्राणूच्या पेशीत चिकटतं. म्हणजे ज्या कार्डावरून पुढच्या पिढीची झेरॉक्स निघणार, त्याच कार्डात! मग ते प्रत्येक मुलाकडे, नातवंडाकडे, पणतवंडाकडे जात राहतं.

२००१ साली माणसाच्या डीएनएचा पहिला मसुदा छापून आला तेव्हा हिशेब लागला. आपल्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे. आणि प्रोटीन बनवणाऱ्या, म्हणजे ज्यांना आपण 'खऱ्या' म्हणू अशा ओळी किती? दोन टक्क्यांहूनही कमी. कार्डात पदार्थांपेक्षा दुसऱ्यांनी चिकटवलेली पानं निदान चौपट! त्यातली बहुतेक आता फाटकी, अर्धवट, वाचता न येणारी. पण प्रत्येक पानाच्या कडेला व्हायरसने आपल्यापुरता एक स्विच आणलेला होता, 'हे आत्ता बनवा' सांगणारा. पान फाटलं तरी काही स्विच शाबूत राहिले, आणि शेजारच्या पदार्थांची ऑर्डर द्यायला ते गर्भाच्या कामी आले.

काही पानं तर अख्खीच उपयोगी पडली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे सिन्सिटिन.

२००० साली अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना वेगवेगळ्या वाटांनी ते सापडलं. आपल्या सातव्या गुणसूत्रावर एक जीन आहे, दिसायला हुबेहूब रेट्रोव्हायरसच्या कव्हरची. व्हायरसला या कव्हरचा उपयोग काय, तर पेशीला चिकटून तिच्या भिंतीत आपली भिंत मिसळून टाकायची आणि आत शिरायचं. आपल्या वारेने त्याचाच उपयोग वेगळा केला. व्हायरस आणि पेशी जोडण्याऐवजी पेशी आणि पेशी जोडायच्या! गर्भाच्या बाहेरच्या अस्तरातल्या पेशी या सिन्सिटिनमुळे एकमेकींत विरघळतात आणि एक सलग, बिनसांध्याचा पडदा तयार होतो. संध्याकाळच्या विरार फास्टच्या दारातली गर्दी डोळ्यांसमोर आणा. कुणाचा हात कुणाचा, कुठली बॅग कुणाची, काही सांगता येत नाही, आणि मधून वाट काढून आत जायची तर बिशादच नाही.

हा पडदा आईच्या रक्तात अक्षरशः बुडालेला असतो. ऑक्सिजन, साखर, कॅल्शियम आत घ्यायचं, कचरा बाहेर टाकायचा. आणि दोन पेशींमध्ये फटच नसल्यामुळे जंतूंना सहज घुसायला जागा नाही. दिवस भरेपर्यंत त्याच्या घड्या उलगडल्या तर सुमारे १२ चौरस मीटर भरतात. म्हणजे जवळपास १३० स्क्वेअर फूट, आणि तोही कार्पेट! अंधेरीत एवढ्या जागेला काय भाव आहे ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय एचसीजी मुख्यतः बनतं ते याच पडद्यात. बाथरूममधली ती दुसरी रेघ ही अशी.

आता स्विच. हे सिन्सिटिन भलत्या ठिकाणी चालू झालं तर? त्वचेच्या, मेंदूच्या पेशी एकमेकींत विरघळायला लागल्या तर? म्हणून बाकी शरीरात त्या जीनवर मिथाइल नावाच्या रेणूंची बारीक टाळी लावलेली असतात. वारेत ती निघतात, आणि जीसीएम-१ नावाचं एक प्रोटीन येऊन 'चालू कर' म्हणतं. जीन तीच, पण चालू कुठे करायची आणि बंद कुठे ठेवायची, यात सगळी अक्कल आहे.

सिन्सिटिन नसेल तर खरंच काय होतं, हे माणसात बघता येत नाही. उंदरात बघितलंय. पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत २००९ साली उंदरांच्या सिन्सिटिनची जीन काढून टाकली, तर वार नीट बनली नाही आणि पिल्लं पोटातच, निम्म्या दिवसांवर गेली. आणि यातली खरी आयला म्हणायची गोष्ट पुढेच आहे. उंदराचं सिन्सिटिन आपल्यासारखं नाहीच! ते दुसऱ्याच व्हायरसकडून आलंय. सशाचं तिसऱ्याकडून, कुत्र्या-मांजरांचं चौथ्याकडून, गाई-मेंढ्यांचं आणखी वेगळ्याकडून. दक्षिण अमेरिकेत एक सापसुरळी आहे, अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारी, तिच्या वारेतसुद्धा असंच व्हायरसकडून उचललेलं सिन्सिटिन मिळालं. आपल्या घराण्यातलं सिन्सिटिन-१ अडीच कोटी वर्षांहून जुनं आहे. म्हणजे ही एकदाच लागलेली लॉटरी नव्हे. निसर्गाने हा जुगाड पुन्हा पुन्हा केलाय.

आता हे सगळं ज्ञान मी तुम्हाला का पाजतेय? कारण याच सिन्सिटिनचं नाव घेऊन पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्याला घाबरवलं गेलं होतं.

डिसेंबर २०२० मध्ये युरोपात दोघांनी तिथल्या औषध नियामकाकडे अर्ज केला. त्यांचं म्हणणं, कोविडच्या लसीने स्पाइक प्रोटीनविरुद्ध ज्या अँटिबॉडीज तयार होतील, त्या चुकून सिन्सिटिनवरही हल्ला करतील आणि बायकांना मूल होणार नाही. अर्जात 'करू शकतील का' असं होतं. व्हॉट्सअॅपवर पोचेपर्यंत त्याचं 'करतातच' झालं, आणि मराठी-गुजराती-हिंदीत उतरेपर्यंत सिन्सिटिन गळून नुसतं 'लस घेतली तर वांझ होतात' एवढंच उरलं.

माझी एक मैत्रीण बोरिवलीत राहते. ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत, तेव्हा अर्थातच वर्क फ्रॉम होम. २०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि स्लॉट मिळवण्यासाठी सगळे मोबाइल घेऊन बसले होते, तेव्हा हिला नेस्कोचा स्लॉट मिळाला. लग्नाला तीन वर्षं झालेली, मुलाचा विचार चालू. सासूबाईंनी फॉरवर्ड दाखवला. म्हणाल्या, "अगं, एकदा मूल होऊ दे, मग घे ना लस. घाई काय आहे?" त्यांचा स्वर काळजीचाच होता, हे तीही मान्य करते. तिने मला फोन केला. "आईंना मी काय सांगू? मलाच भीती वाटतेय गं."

तेव्हा जे तिला सांगितलं, ते थोडक्यात असं. स्पाइक आणि सिन्सिटिन दोघांचं काम एका जातीचं, दोन भिंती एकमेकींत मिसळवण्याचं. पण अक्षरं वेगळी. स्पाइक १२७३ अमिनो आम्लांचं, सिन्सिटिन ५३८ चं, आणि सलग जुळतात ती अक्षरं इतकी थोडी की तेवढी कुठल्याही दोन प्रोटीन्समध्ये जुळतील. कांदिवली, बोरिवली आणि डोंबिवली तिन्हींच्या शेवटी 'वली' येतं. म्हणून कांदिवलीचा पत्ता घेऊन निघालेला पोस्टमन डोंबिवलीत जाऊन बेल वाजवत नाही! दुसरं म्हणजे, अँटिबॉडीज लसीने होतात तशा प्रत्यक्ष कोविड झाल्यावरही होतात. त्या सिन्सिटिनवर तुटून पडत असत्या, तर २०२० मध्ये कोविड होऊन गेलेल्या बायकांना दिवसच राहिले नसते. राहिले की! आपल्याच मुंबईत.

तिने लस घेतली. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. पण हा पुरावा नव्हे, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. पुरावा पुढे आला. सिंगापूरमध्ये लस घेतलेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज सिन्सिटिनसमोर ठेवून बघितल्या, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अमेरिकेत मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांहून जास्त जोडप्यांच्या अभ्यासात, २०२२ साली, लसीमुळे दिवस राहण्याची शक्यता कमी झालेली दिसली नाही. उलट पुरुषाला कोविड झाला असेल तर पुढचे काही आठवडे ती कमी झालेली दिसली! काही जणींची पाळी लस घेतल्यावर थोडी पुढे गेली हे मात्र खरं आहे. सरासरी एका दिवसाहूनही कमी, आणि पुढच्या पाळ्यांत पुन्हा पूर्ववत. बायका हे सांगत होत्या तेव्हा 'मनाचे खेळ' म्हणून त्यांना गप्प केलं गेलं, याचा मला अजून राग आहे. अफवा अशाच जागी रुजतात.

आणि खरा धोका होता कुठे? तो आकडा आपल्याच शहरात आहे. मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल २०२० मध्ये कोविड हॉस्पिटल झालं, तिथे कोविड झालेल्या गरोदर बायकांची बाळंतपणं सुरू झाली. नायर आणि परळची तीच संस्था (जिथे आनंद कुमार होते, तिचं नाव आता बरंच लांबलचक झालंय) यांनी 'प्रेगकोविड' नावाची नोंदवही उघडली. तिच्यात दिसलं ते असं : पॉझिटिव्ह आलेल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांमध्ये पहिल्या लाटेत मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं. दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. गरोदर बायकांना आपल्याकडे लस खुली झाली ती २ जुलै २०२१ ला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. त्यांच्यापैकी ज्यांना आधी, दिवस राहायच्या आत, लस घेता आली असती, त्यांच्यापर्यंत लसीच्या आधी फॉरवर्ड पोचला होता.

बाळांचं मात्र बरंच निभावलं. कोविड झालेल्या आयांची बहुतेक बाळं निगेटिव्ह जन्मली. आईकडून पोटातल्या बाळाला कोविड होणं दुर्मीळच राहिलं, आणि त्यात त्या बिनसांध्याच्या पडद्याचा वाटा आहे.

पण पडदा अभेद्य नाही. झिका तो ओलांडतो. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मली ती त्याच्यामुळे, आणि जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातली पहिली केस पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडली. रुबेला तर त्याच्याही आधीचा बदनाम. १९४१ साली नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे, कारण हृदय, डोळा, कान यांच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच सुटत असतात. आईला अंगावर चार दिवस पुरळ, बाळाला जन्मभराचा बहिरेपणा.

आणि हा मुद्दा तुमच्या-माझ्या वयाचा आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा ज्यांनी पंधरावं ओलांडलं होतं, म्हणजे आज ऑफिसात बसून हे वाचणारे बहुतेक जण, त्या मोहिमेतून सुटले. लहानपणी आईवडिलांनी खाजगी डॉक्टरांकडे एमएमआर दिली असेल तर ठीक, नाहीतर पाटी कोरी. आईला फोन करून विचारा, जुनी फाइल माळ्यावर असेल. नसेलच, तर रुबेलाच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी होते, साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. अँटिबॉडी नसतील तर डॉक्टरांना विचारून लस घ्यायची, पण दिवस राहायच्या आधी. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या व्हायरसची असते, म्हणून गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान महिनाभर 'गुड न्यूज'चा बेत पुढे ढकलायचा. त्या महिन्यात सासूबाईंना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.